शिकागोचा पियानो आणि आपला 'अलबेला'

"गाणे कोणाचे?" या साध्या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर गायकाचे. थोडी अधिक गोडी असलेला माणूस संगीतकाराचे नाव सांगतो आणि कवितेची आवड असलेला गीतकाराचे. आमची पिढी रेडिओ सिलोनवर वाढली. १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी ही नावे अशा काही लाडाने घेत, की ती आमच्या तोंडी पाढ्यांसारखी बसली. चौथे नाव मात्र आम्ही कधी ऐकले नाही. असे एखादे चौथे नाव असेल, हेही कोणाच्या मनात आले नाही.

हे चौथे नाव संगीत संयोजकाचे. वादकांच्या भाषेत अरेंजरचे. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणतो. ती दोन-तीन मिनिटांची चाल म्हणजे गाण्याचा जीव, हे खरेच. पण गाणे सुरू होण्याआधी जे वाजते ते काय असावे, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिनचा ताफा कोठून कोठे जावा, गायिकेच्या आवाजामागे चेलोने कोणती वेगळी ओळ धरावी, ट्रम्पेटने कोठे डोके वर काढावे आणि कोठे गप्प बसावे, हे सगळे ठरवून प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद ठेवावा लागतो. तीस-चाळीस वादकांना "वाजवा आता मनाने" असे सांगून चालत नाही. हा कागद लिहिणारा माणूस म्हणजे संयोजक.

हा माणूस आपल्या सिनेमात आला कोठून, याचा माग काढत गेले की वाट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाते. तेथून शांघायला, आणि शांघायहून थेट शिकागोला. गंमत म्हणजे या वाटेचा एक फाटा आमच्या अमरावतीला आणि नागपुरालाही येऊन मिळतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात एका पियानोवादकापासून करतो. त्याचे नाव टेडी वेदरफर्ड. जन्म ११ ऑक्टोबर १९०३, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पोकाहोंटास नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईला ताजमहाल हॉटेल उघडले. एका कृष्णवर्णीय पोराचा आणि एका पंचतारांकित वास्तूचा जन्म एकाच वर्षी व्हावा आणि तेहेतीस वर्षांनी दोघांची गाठ पडावी, हा योगायोग मला फार आवडतो.

पोरवयात तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि जॅझचा पियानो तेथे शिकला. त्या काळात दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबे हजारोंच्या संख्येने उत्तरेकडच्या शहरांत जात होती. कारखान्यांत काम मिळे, आणि दक्षिणेतल्या जाचातून थोडीफार सुटका होई. त्यांच्या मागोमाग त्यांचे संगीतही गेले. वेदरफर्ड १९२०नंतर शिकागोला पोचला.

त्या वेळच्या जॅझ पियानोची एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिला स्ट्राइड म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणे. चार मात्रांचे आवर्तन धरा. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालच्या सप्तकातला भारदस्त स्वर वाजवतो, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला उडी मारून मधल्या सप्तकात तीन-चार स्वर एकदम दाबतो. हाताची ही ये-जा अखंड चालू असते. म्हणजे आपल्याकडे डग्गा आणि तंबोरा मिळून जे काम करतात ते एकटा डावा हात करतो, आणि उजवा हात गायकासारखा मोकळा राहतो. वेदरफर्डचा डावा हात नावाजलेला होता. त्या काळी शिकागोत अर्ल हाइन्स या थोर पियानोवादकाच्या बरोबरीने त्याचे नाव घेत.

त्याची नोकरी कोठे होती? तर व्हेन्डोम नावाच्या सिनेमागृहात! मूकपटांचा जमाना. पडद्यावर चित्र चाले आणि खाली अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजवत असे. त्याच वृंदात लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवी. मे १९२६मध्ये या वृंदाने केलेल्या ध्वनिमुद्रणात पियानोवर वेदरफर्ड आहे. पुढे ज्याच्या संगतीत तयार झालेली मंडळी आपल्या सिनेमाला येऊन मिळाली, त्याची स्वतःची उमेदवारीही सिनेमाच्या पडद्याखालीच झाली होती.

आणि त्याच वर्षी, बावीस-तेवीस वर्षांचा असताना, हा माणूस जॅक कार्टर नावाच्या ड्रमवादकाच्या बँडबरोबर आशियाकडे निघून गेला. हाइन्स शिकागोतच राहिला. १९२८ साली त्याने आर्मस्ट्राँगबरोबर जी ध्वनिमुद्रणे केली ती आज जॅझच्या प्रत्येक इतिहासात आहेत. वेदरफर्ड मात्र तळटिपेत गेला. जिथे यंत्र होते तिथला वादक इतिहासात राहिला आणि जो यंत्रापासून लांब गेला तो विरला. आपल्याकडेही किती गवई असे विरले असतील!

शांघाय तेव्हा अजब शहर होते. काही भाग ब्रिटिश-अमेरिकनांच्या ताब्यात, काही फ्रेंचांच्या, सभोवती चीन. नाचघरांना तोटा नव्हता आणि खऱ्या अमेरिकन बँडला मागणी मोठी. शांघाय, सिंगापूर, मनिला अशा शहरांतून वेदरफर्ड वाजवत राहिला. १९३३ साली लँग्स्टन ह्यूज हा अमेरिकेतला मोठा कृष्णवर्णीय कवी शांघायला आला, तेव्हा त्याची या पियानोवादकाशी ओळख झाली आणि पुढे आपल्या आत्मकथनात त्याने त्याची आठवण लिहिली. १९३४ साली वेदरफर्ड अमेरिकेला जाऊन बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा बँड शांघायला घेऊन आला. क्लेटनच्या बँडचे बस्तान एका गोऱ्या अमेरिकनाने काढलेल्या मारामारीतून मोडले. वर्णद्वेषापासून पळून सात समुद्र ओलांडावेत, तर तोही त्याच बोटीने आलेला असतो. मग पोटासाठी त्या मंडळींनी साध्या नाचघरात चिनी चालींवर वाजवायला सुरुवात केली. ली जिनहुई हा चिनी संगीतकार त्या काळात चिनी चाल आणि जॅझ यांची सांगड घालत होता. चाल देशी, ताफा विलायती, हा प्रयोग आपल्या मुंबईच्या बराच आधी तिकडे झाला, एवढे लक्षात ठेवू.

आता मुंबई. १९३५च्या अखेरीस लिऑन अॅबी हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यानंतर बँडची सूत्रे क्रिकेट स्मिथ या बुजुर्ग ट्रम्पेटवादकाकडे आली, आणि १९३६ साली पियानोवर येऊन बसला टेडी वेदरफर्ड. त्याच वर्षी या बँडने 'ताजमहाल' नावाचे एक नृत्यगीत मुंबईतच ध्वनिमुद्रित केले. ते रचले होते मेना सिलास यांनी.

ताजच्या त्या दालनात श्रोते कोण असत? संस्थानिक, पारशी धनिक, गोरे अधिकारी आणि त्यांच्या बायका. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा आणि काळाराम मंदिराचा १९३०चा, हे ध्यानात घ्या. आपल्या देशात माणसाला पाण्यावरून आणि देवळावरून अडवत होते. अमेरिकेत याच वादकांना गोऱ्यांच्या हॉटेलात पाहुणा म्हणून खोली मिळाली नसती. आणि इथे मात्र साहेब लोक त्यांच्या तालावर नाचत होते. मला वाटते, तो सन्मान संपूर्ण नव्हता. वाजवणारा म्हणून मान होता. पण पोटभर वाजवायला मिळणे हेही त्यांच्या दृष्टीने कमी नव्हते.

या बँडच्या आसपास काही तरुण मंडळी कान टवकारून होती. ती होती गोव्याची. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे.

पोर्तुगीज गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा असत. त्यात मुलांना प्रार्थनागीते गाता यावीत म्हणून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. चर्चचा गायनमास्तर हा गावातला मानाचा माणूस. त्यामुळे साध्या कष्टकऱ्याचा मुलगाही पाच रेघांवरचे पाश्चात्त्य नोटेशन वर्तमानपत्रासारखे वाचू शके. गोव्यात पोटाला काम नव्हते. मग ही मुले मुंबई, कलकत्ता, कराची, लाहोर, रंगून अशा शहरांत गेली. लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची सिनेमागृहे, हॉटेले, आगगाडीने जाता येईल अशी सगळी थंड हवेची ठिकाणे या मंडळींनी व्यापली.

कागद वाचण्यात ती तरबेज होती. पण जॅझ कागदावर मावत नाही. भातखंडे यांच्या पुस्तकातली चीज जशीच्या तशी म्हटली म्हणून मैफल होते का? स्वर तेच, पण कोठे थांबायचे, कोठे किंचित उशिरा यायचे, कोणता स्वर सरळ न लावता घसरत न्यायचा, हे गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागते. कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांकडून गोव्याच्या पोरांना मिळाले ते हे. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, जन्म १९१९, मुंबईला आला तो याच सुमारास. ट्रम्पेट त्याचे वाद्य. ताजच्या या अमेरिकन मंडळींच्या सहवासात तो तयार झाला. पुढे त्याने अनिल विश्वास, हेमंतकुमार, किशोरकुमार अशांना साहाय्य केले आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. शिकागोच्या सिनेमागृहातून निघालेला धागा कोकणी सिनेमापर्यंत येतो, तो असा.

वेदरफर्ड १९३७ साली पॅरिसला जाऊन आला. तेथे त्याने एकट्याच्या पियानोच्या काही तबकड्या केल्या, त्यात त्याची स्वतःची रचनाही आहे. त्याच वर्षी ऑगस्टात जपानने शांघायवर हल्ला केला आणि तिकडची दुनिया संपली. काही काळ कोलंबोला वाजवून तो अखेर कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला. महायुद्ध सुरू होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचे वादक निर्वासित होऊन कलकत्त्याला आले. क्लॅरिनेट वाजवणारा रूबेन सॉलोमन आणि गिटारवाला सेड्रिक वेस्ट हे त्यांपैकी. अमेरिकन सैनिकांनी शहर भरून गेले होते आणि त्यांना त्यांच्या देशाचे संगीत हवे होते. वेदरफर्डचा बँड जोरात चालला. तबकड्या निघाल्या.

आणि त्याच चौरंगीच्या फुटपाथवर १९४३ साली माणसे भुकेने मरत होती. बंगालच्या त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत वीस ते तीस लाख माणसे दगावली असे अभ्यासक मानतात. आत सॅक्सोफोन, बाहेर फेन मागणारी माणसे. फेन म्हणजे भाताची पेज. भात मागण्याची हिंमत उरली नव्हती, म्हणून लोक पेज मागत. या प्रसंगी बँड वाजवणाऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. वाजवणे ही त्याची रोजी होती, आणि धान्याचे धोरण तो ठरवत नव्हता. पण हे दोन्ही आवाज एका रस्त्यावर होते, हे विसरून त्या काळाची नुसती झगमग सांगणेही बरे नव्हे. शेवटी पटकीने हॉटेलचा दरवाजा ओलांडलाच. २५ एप्रिल १९४५ रोजी टेडी वेदरफर्ड कलकत्त्यात पटकीने गेला. वय एकेचाळीस. तोपर्यंत एकोणीस वर्षे त्याने आशियात काढली होती.

दोन वर्षांत देश स्वतंत्र झाला. साहेब गेले, संस्थाने विलीन झाली, आणि मुंबई राज्याने १९४९चा दारूबंदी कायदा आणला. मोरारजीभाईंच्या राज्यात रात्रीच्या हॉटेलांची रया गेली. नाचघर ओस पडले की बँडवाल्यांनी जायचे कोठे? दादर, ताडदेव, महालक्ष्मीचे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर होते. बोलपटाला गाणी लागत, आणि आता संगीतकारांना मोठा ताफा हवा होता. हॉटेलांतला जॅझवाला दिवसा स्टुडिओत जाऊ लागला. कायदा एका हेतूने होतो आणि त्याचे फळ भलत्याच झाडाला लागते, त्याचे हे सुरेख उदाहरण.

आता आपला फाटा. राम नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा नागपूरचा. इथे शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते गाणे शिकले. वसंतराव देशपांडेही याच गुरुजींचे शिष्य. एकाच गुरूचा एक शिष्य 'कट्यार'मधल्या खाँसाहेबांपर्यंत गेला आणि दुसरा 'शोला जो भडके'पर्यंत, हे पाहिले की चांगला शिक्षक कोणते बी पेरतो आणि त्याचे काय उगवते याचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही असे वाटते. दुसरे नाव भगवानदादांचे. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, अमरावतीचा. कामगार वस्तीत वाढलेला, कुस्तीच्या अंगाचा, मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांचा नायक-दिग्दर्शक. त्यांनीच १९४२च्या 'सुखी जीवन'मध्ये चितळकरांना संधी दिली होती.

आणि तिसरा गोव्यातल्या हळदोण्याचा. आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. जगात त्याला चिक चॉकलेट म्हणत. ट्रम्पेट वाजवायचा, गायचा, आणि आर्मस्ट्राँगला त्याने इतके आत्मसात केले होते की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्याचा बँड वाजे. तो चितळकरांचा साहाय्यक झाला.

हे तिघे मिळून 'अलबेला' (१९५१). अमरावतीचा नट-दिग्दर्शक, नागपुरात गाणे शिकलेला संगीतकार, हळदोण्याचा ट्रम्पेटवाला. आज पंचाहत्तरेक वर्षे होत आली, तरी आमच्या भागात लग्नाच्या वरातीत बँड उभा राहिला की 'शोला जो भडके' वाजल्यावाचून घोडा पुढे सरकत नाही. या चित्रपटात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला जो बँड पडद्यावर दिसतो, तो चिक चॉकलेटचा आणि त्याच्या साथीदारांचा खराखुरा बँड आहे. म्हणजे चितळकरांनी आणि भगवानदादांनी आपल्या मागच्या माणसांना पडद्यावर आणले. हे त्या काळात विशेषच म्हणायला हवे.

काम कसे चाले? संगीतकार पेटीवर चाल सांगे. साहाय्यक ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवून घेई. मग मधल्या जागांसाठी तुकडे सुचवले जात, कधी संगीतकाराकडून, कधी संयोजकाकडून. कोण काय बोलले याची नोंद कोणी ठेवत नसे. 'आशा' (१९५७) चित्रपटातल्या 'ईना मीना डीका' या गाण्याची जन्मकथा तर प्रसिद्धच आहे. खोलीबाहेर मुले निरर्थक शब्दांचा खेळ खेळत होती, त्यावरून चितळकरांना मुखडा सुचला, आणि जॉन गोम्स या त्यांच्या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात भर घातली. त्या गमतीच्या शब्दांत दोन शब्द चक्क कोकणी आहेत आणि त्यांचा अर्थ "मला नको" असा होतो. सारा देश ते गुणगुणला आणि त्याला पत्ताच नाही की आपण कोकणी बोलतो आहोत!

शंकर-जयकिशन यांच्यामागे सबॅस्टियन डिसूझा होते. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता, फाळणीने तो मोडला आणि ते मुंबईला आले. १९५०च्या दशकापासून वीस-बावीस वर्षे शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ते अथांग ताफे त्यांच्या लेखणीतून उतरले. गायिकेची ओळ चालू असताना तिच्या खालून दुसरीच एक सुंदर ओळ वाहत असते, तिच्याशी भांडत नाही आणि तिच्यात बुडतही नाही, ही त्यांची खासियत. आपल्या संगीतात ही कल्पना नव्हती. आपण एकच ओळ धरून खोल जाणारे. दोन ओळी एकाच वेळी ऐकण्याची सवय आपल्या कानांना या मंडळींनी लावली, आणि तीही रागाच्या अंगाला धक्का न लावता.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचे स्वप्न फार मोठे होते. आपले राग आणि पाश्चात्त्य सिम्फनी यांचा मेळ घालून त्यांनी रचना लिहिल्या आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर सिनेमापासून दूर गोव्यात राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला तेव्हा प्यारेलाल यांनी गुरूचे नाव एका गाण्यात घातले. मोठ्या अंड्यातून टोपी घालून बाहेर येणारा अमिताभ सर्वांना आठवतो. हिंदुस्थानात ज्या एकाच संयोजकाचे नाव पोराबाळांना पाठ आहे, ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून पाठ आहे. शिष्याने श्रद्धेने दिवा लावला आणि लोकांना वाटले दिवाळी आहे.

मग प्रश्न उरतो तो न्यायाचा. गाणे कोणाचे?

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. मूळ व्याख्येत 'संगीतकृती' म्हणजे छापलेली किंवा लिहून काढलेली स्वररचना. लिहिलेले ते संगीत! म्हणजे अक्षरशः अर्थ धरला तर पेटीवर गुणगुणणारा संगीतकार बाजूला राहतो आणि कागद लिहिणारा संयोजक पुढे येतो. अर्थात तसे कोणी केले नाही. १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कायद्याने स्पष्ट केले की रचनाकार तो, जो रचना करतो, मग त्याने ती लिहून ठेवलेली असो वा नसो. आपल्या मौखिक परंपरेला हे धरूनच झाले आणि मला ते योग्य वाटते. ज्ञानेश्वरी सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली म्हणून ती त्यांची होत नाही. त्याच कायद्यात संयोजनाचा उल्लेख आहे, पण तो मूळ कृतीचे रूपांतर म्हणून, आणि त्याचा अधिकार मूळ रचनाकाराकडे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क पक्का केला. संयोजक तेथेही नाही.

पण सच्चिदानंद बाबांचे उदाहरण इथे अर्धेच लागू पडते. त्यांनी ऐकले ते लिहिले. संयोजक ऐकले त्याहून अधिक लिहितो. आणि तरीही ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हणून बाबांचे नाव आदराने आले आहे, सातशे वर्षे टिकले आहे. नाव घेण्यासाठी मालकी सांगावी लागत नाही. चाल चितळकरांचीच, यात मला तिळमात्र शंका नाही. चाल नसेल तर संयोजक काय सजवणार? पण 'अलबेला'ची गाणी ऐकताना पाय आपोआप हलू लागतो तो केवळ चालीने नव्हे. त्या पायामागे हळदोण्याची चर्चची शाळा आहे, ताजमधल्या रात्री आहेत आणि व्हर्जिनियाच्या खाणीच्या गावातून निघालेला एक डावा हात आहे.

ध्वनिमुद्रण संपले की त्या कागदांचे काम संपे. ते जपावेत असे कोणाला वाटले नाही. वादकांना त्या दिवसाचे पैसे मिळत, आणि ते घरी जात. पुढे यंत्रे आली, एका कळफलकातून पन्नास व्हायोलिने निघू लागली आणि ती मोठी वादकमंडळे पांगली. चिक चॉकलेट १९६७ सालीच गेला होता.

तरी धागा अगदी तुटला नाही. पुष्कर बहादूर नावाचा एक नेपाळी ट्रम्पेटवादक १९४०च्या दशकात कलकत्त्याच्या बँडमध्ये जॉर्ज बँक्स या नावाने वाजवत असे. त्याने १९४१ साली जन्मलेल्या मुलाला आर्मस्ट्राँगच्या नावावरून लुई हे नाव दिले. तेच पियानोवादक लुई बँक्स. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दिसले, त्याच्या संगीतामागे आपले अशोक पत्की आणि हे लुई बँक्स होते. भीमसेनजींची भैरवी सर्वांना आठवते, आणि आठवावीच. तिच्याभोवतीचा पट कोणी विणला हे सांगणारे दहांत एक भेटायचे नाहीत.

आयुष्यभर हजेरीपट घेऊन वर्गात गेलो. नाव पुकारले की शेवटच्या बाकावरचे पोरही जरा ताठ बसते, हे हजारदा पाहिले आहे. या मंडळींची हजेरी कोणी घेतलीच नाही. आता मानधन देण्याची वेळ निघून गेली आहे, पण नाव घेण्याची जात नाही.

म्हणून एवढेच सुचवतो. पुढच्या वेळी 'अलबेला' लागला की गायकाचा आवाज थांबतो त्या जागा ऐका. कडवे संपते आणि दुसरे सुरू होते त्या दहा-पंधरा सेकंदांत कोण काय वाजवतो ते ऐका. तिथे ट्रम्पेट वर येईल. तो चिक चॉकलेट. नातवंडे जवळ असतील तर त्यांनाही सांगा, की बाबांनो, याचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. असो.